उभ्या गाडीची दुखणी

गाडी घेताना मला भुलवलं ते मीटरने. ११,३४० किलोमीटर. २००९ची स्प्लेंडर, टाकीवर हिरो आणि होंडा ही दोन्ही नावं अजून शेजारी शेजारी, आणि पंधरा वर्षांत जेमतेम अकरा हजार. आमच्या पतसंस्थेचा वसुलीचा पोरगा एका वर्षात त्याहून जास्त फिरतो. मालक वाडीतलेच एक काका, पण राहायला डोंबिवलीला. गणपतीत आठ दिवस, शिमग्याला चार, मे महिन्यात आंब्याला पंधरा, एवढीच तिची धाव. बाकीचं वर्ष मांगरात, म्हणजे सामान ठेवायच्या खोपटात, निळ्या प्लास्टिकखाली. "नवीनच समज गो," काका म्हणाले आणि मी समजले.

हे २०२४च्या गणपतीनंतरचं. सोळा हजारांना सौदा झाला. तोवर मी फक्त बहिणीची स्कूटी चालवलेली. पण आमचं घर कुणकेश्वरच्या पुढे, नोकरी देवगडला, आणि संध्याकाळची एसटी चुकली की रिक्षावाला सांगेल तो भाव. नव्या गाडीचे हप्ते झेपण्यातले नव्हते. शंभर सीसीची, वजनाला हलकी, चार गिअरची, शिकायला याहून सोपी गाडी नाही असं सगळे म्हणाले, आणि ते खरंच होतं. १९९४पासून ही गाडी रस्त्यावर आहे. कोकणातल्या कुठल्याही तिठ्यावर तिची केबल, प्लग, ब्रेकशू मिळतात. गाडीत खोट नव्हती. खोट होती ती पंधरा वर्षं समुद्राच्या वाऱ्यात नुसतं उभं राहण्यात.

मी बघितलं काय, तर रंग, सीट आणि कुठे पोचा आहे का. टायरची नक्षी खोल होती, तेही बरं वाटलं. जामसंड्याच्या मेस्त्रींनी गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा रंगाकडे ढुंकूनही बघितलं नाही. खाली बसले, टायरच्या अंगावरचा एका चौकटीतला चार आकडी शिक्का बोटाने पुसला आणि मला वाचायला लावला. ०८०९. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २००९चा आठवा आठवडा. टायर गाडीबरोबर जन्मलेले. नक्षीच्या खाचेत नख घातलं तर रबर दबत नव्हतं, आणि कडेला वाळलेल्या चिखलासारख्या बारीक भेगा. असे टायर ओल्या चिऱ्यावर साबणासारखे घसरतात. दोन्ही बदलले. सोळा हजारांची गाडी तिथेच एकोणीसच्या वर गेली.

"गाडी चालान बिघडणा नाय गो बाय," मेस्त्री म्हणाले, "उभी रवान बिघडता." तेव्हा मला वाटलं, गिऱ्हाइकाला ऐकवायचं वाक्य असेल.

कागदांचं थोडक्यात सांगते. पंधरा वर्षं झाल्यामुळे नोंदणीचं नूतनीकरण आणि गाडी नावावर करणं, दोन्ही एकदम आलं. फॉर्म २५, २९, ३०, विमा, पीयूसी, हरितकर, नूतनीकरणाची एक हजार फी आणि ओरोसच्या आरटीओत दोन खेपा. पहिली खेप फुकट गेली, कारण तपासणीला हॉर्नच वाजला नाही. गाडी तर किकने चालू होत होती, मग बॅटरी मेली कशी? तिथे कळलं की या जुन्या गाडीला ठिणगीसाठी बॅटरी लागतच नाही. इंजिन फिरलं की मॅग्नेट स्वतःच वीज करतो. म्हणून बॅटरी संपली तरी गाडी सुरू होते, आणि म्हणूनच ती संपल्याचं कळतही नाही. आता मी रोज निघताना एकदा हॉर्न दाबते आणि इंडिकेटर लावून बघते. हॉर्न घोगरा झाला की पाणी-चार्जिंग बघायची वेळ आली.

खरं दुखणं होतं पेट्रोलचं. गाडी चोक ओढून अकराव्या-बाराव्या किकला सुरू व्हायची, चोक आत ढकलला की गपकन मरायची. पहिला आठवडा मी चोक अर्धा ओढून देवगड गाठत होते. सिग्नल नाहीत म्हणून बरं, नाहीतर प्रत्येक थांब्याला किक. पेट्रोल पंपावर दोघे-तिघे जमायचे आणि प्रत्येक जण वेगळं निदान करायचा. प्लग बदल. रेस वाढव. एकाने तर पेट्रोलमध्ये थोडं रॉकेल घाल म्हणून सांगितलं. बाईमाणूस किक मारतंय म्हटल्यावर सल्ल्यांना जरा जास्तच भरती येते, हे जाता जाता.

मेस्त्रींनी हात लावायच्या आधी दोनच प्रश्न विचारले. "चोक दिल्यार चालता?" हो. "काढल्यार मरता?" हो. "मगे तिका पेट्रोल पुरणा नाय." झालं निदान. चोक म्हणजे हवेचं दार अर्धवट लावणं. हवा कमी झाली की मिश्रणात पेट्रोलचा वाटा वाढतो. दार लावल्यावरच जर गाडी जगत असेल, तर मुळात पेट्रोल कमी येतंय. आणि रेस दिल्यावर बरी चालते पण नुसती उभी असताना मरते, म्हणजे मोठी वाट मोकळी आहे, बारीक वाट तुंबलीय. त्या बारीक वाटेचं नाव पायलट जेट.

त्यांनी हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या तळाचा निचऱ्याचा स्क्रू सैल केला आणि खाली काचेची बाटली धरली. पेट्रोल म्हणून जे उतरलं त्याला गुळाच्या पाण्याचा रंग होता आणि जुन्या रंगाच्या डब्याचा वास. बाटली तिरकी केली तर तळाशी दोन-तीन थेंब वेगळेच, पाऱ्यासारखे इकडून तिकडे पळणारे. पाणी. पेट्रोल महिनोन् महिने पडून राहिलं की त्यातलं हलकं ते उडून जातं आणि मागे डिंकासारखा चिकटा उरतो. तो सगळ्यात आधी सगळ्यात बारीक भोक बुजवतो. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत एथेनॉल असतं, आणि एथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आमच्याकडे हवेत पाण्याला काय तोटा! रोज चालणाऱ्या गाडीत ते पेट्रोलबरोबर जळून जातं. उभ्या गाडीत ते तळ धरून बसतं.

जेट म्हणजे पितळेचा एक इवलासा तुकडा. मेस्त्रींनी तो आभाळाकडे धरून मला बघायला दिला. "दिसता काय?" काहीच दिसत नव्हतं. मग त्यांनी वायरीतली तांब्याची एक तार सुटी केली, ती हळूच आतबाहेर केली, हवा मारली, पुन्हा धरला. या वेळी मधोमध सुईच्या टोकाएवढा उजेड आला. इतक्याशा भोकावर आख्खी गाडी अडली होती. लोखंडी तार कधी घालायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. पितळ मऊ असतं, भोक वाढलं की गाडी कायमची पेट्रोल पिणारी होते.

गाडी चोकशिवाय टकटक चालू लागली. दहा दिवस. अकराव्या दिवशी पुन्हा तेच.

या वेळी मी स्वतः बाटली धरली. पेट्रोल स्वच्छ होतं, पण तळाला विटकरी भुकटी. पुन्हा सफाई, पुन्हा बारा दिवस. प्रत्येक खेपेला अर्ध्या दिवसाची रजा जात होती, म्हणून तिसऱ्या वेळी ठरवलं की एवढं काम आपल्याला यायला हवं. रविवारी सकाळी पडवीत गाडी घेतली, मोबाइलवर एकेका टप्प्याचा फोटो काढत गेले, आणि पहिल्याच स्क्रूची फुली खाल्ली. कार्ब्युरेटरच्या वाटीचे स्क्रू मऊ असतात, पंधरा वर्षं बसलेले, आणि माझा स्क्रूड्रायव्हर घरातल्या स्विचबोर्डाचा. फुलीत नीट बसणारं पान हवं, आधी गंजाचं तेल सोडून दहा मिनिटं थांबायला हवं, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीवर हातोडीची हलकी टिचकी द्यायला हवी, आणि फिरवण्यापेक्षा दाबण्यावर जोर हवा. हे सगळं मला स्क्रू बिघडवल्यानंतर कळलं.

दुसरं म्हणजे वाटी उघडून आतला तरंगा (फ्लोट) काढताना त्याला अडकवलेली सुई टपकन निसटली आणि आमच्या तांबड्या मातीच्या अंगणात गेली. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी वस्तू. मी, आई आणि शेजारची दोन मुलं मिळून पाऊण तास शोधत होतो. तेव्हापासून गाडीखाली आधी परात येते. आईची जुनी, कडेला चेपलेली. तिच्यावर आता माझा हक्क झालाय, कारण पेट्रोलचा वास लागलेल्या परातीत ती पीठ मळणार नाही म्हणाली. वासावरून आठवलं, त्या दिवशी मागच्या दारी पाण्याची चूल पेटलेली होती, ते माझ्या ध्यानातही नव्हतं. आईने ओरडून विझवली. पेट्रोलची वाफ जमिनीलगत लांबवर सरकते; चूल मागे आहे म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

भुकटी येत होती टाकीतून. दिवसा तापून रात्री गार होणारी अर्धी रिकामी टाकी, आत दमट हवा. प्रत्येक रात्री आतल्या पत्र्यावर थोडा दहिवर धरतो. पंधरा वर्षांची रोजची रात्र. मोबाइलची बॅटरी लावून आत डोकावले तर वरचा अर्धा भाग जुन्या काहिलीसारखा खरबरीत दिसला. जिथवर पेट्रोल राहत होतं तिथवर पत्रा चांगला, त्याच्या वर गंज. पाण्याच्या पातळीची खूण विहिरीला दिसते तशी.

नवी टाकी घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून लिंबूसत्व. किराणावाल्याने अर्धा किलो म्हटल्यावर विचारलं, "सरबताची ऑर्डर काय?" टाकी उतरवली, पेट्रोल काढून सावलीत वाऱ्याला लावून ठेवली, पेट्रोलचा कॉक काढून ते भोक ट्यूबच्या तुकड्याने बंद केलं. आत मोजून वीस नट टाकले, थोडं पाणी घालून टाकी मांडीवर घेऊन पोर जोजवावं तशी अर्धा तास हलवली. मग गरम पाण्यात विरघळवलेलं लिंबूसत्व तोंडापर्यंत भरून रात्रभर ठेवलं. सकाळी जे निघालं ते हुबेहूब चिंचेच्या कोळासारखं. नट एकोणीसच निघाले. विसावा दुपारपर्यंत आत खुळखुळत होता.

आतला पत्रा राखाडी, स्वच्छ. सोड्याच्या पाण्याने आंबटपणा मारला, दोनदा गोड्या पाण्याने धुतली आणि मी मोठ्या ऐटीत टाकी उन्हात ठेवून जेवायला बसले. जेवून आले तर आत पुन्हा केशरी झाक. एका तासात! आम्लाने उघडा पडलेला पत्रा ओला राहिला की तो हवेला लगेच बळी पडतो, आणि आमची हवा म्हणजे मिठाचा हात फिरलेली. सगळं पुन्हा केलं. या खेपेला शेवटचं पाणी निथळताच बहिणीचा केस वाळवायचा ड्रायर आत धरून टाकी तापेपर्यंत वाळवली, गार होऊ दिली, आणि मग वाटीभर पेट्रोलमध्ये थोडं इंजिन ऑइल घालून ते आतून सगळीकडे फिरवलं. ड्रायर आणि पेट्रोल यांची भेट होऊ द्यायची नाही, आधी एक लांब ठेवायचं, मग दुसरं जवळ घ्यायचं. ती टाकी अजून स्वच्छ आहे. तेव्हापासून मी पेट्रोल पन्नास-पन्नासचं टाकत नाही. गाडी चार दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरूनच ठेवते. हवेला जागा नाही म्हणजे दहिवराला जागा नाही.

आता येते माझ्या शहाणपणाची गोष्ट.

टाकीत पाणी शिरतं कुठून, याचा विचार करताना माझं लक्ष झाकणाकडे गेलं. झाकणाचं रबर कडक झालेलं. पावसाळ्यात इथूनच पाणी जात असणार, म्हणून मी झाकणाच्या आतल्या बाजूला सढळ हाताने ग्रीस थापलं. दुसऱ्या दिवसापासून नवीन आजार. गाडी घरून झकास निघायची, सात-आठ किलोमीटरवर अंगातला जीव गेल्यासारखी मंद व्हायची आणि मरायची. पाच-दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू, पुन्हा थोडं अंतर, पुन्हा तेच. मिठमुंबरी-तारामुंबरीच्या पुलावर तर ती इतक्या वेळा बंद पडली की खाडीत गळ टाकून गरवायला बसणारे ओळखीचे झाले.

मी काय केलं? एका रविवारात प्लग बदलला, एअर फिल्टर बदलला, कॉकची जाळी बदलली, पेट्रोलची नळी बदलली. सोमवारी गाडी साडेसात किलोमीटरवर बंद. सहाशे रुपये गेले आणि यातलं खराब काय होतं, काही खराब होतं तरी का, हेही कळलं नाही.

पुलावरूनच फोन लावला. मेस्त्री म्हणाले, "आता मेलीहा? बरा. टाकीचा झाकण उघड." किल्ली फिरवून झाकण सैल केलं आणि 'सुस्स' असा लांब आवाज आला, सोड्याची बाटली उघडावी तसा. फरक एवढाच की वारा बाहेर येत नव्हता, आत ओढला जात होता. "मार किक." दुसऱ्या किकला सुरू. "झाकणाक काय लावलंस?"

गोडेतेलाचा पत्र्याचा डबा आपण फोडतो तेव्हा भोकं दोन पाडतो. एकातून तेल येतं, दुसऱ्यातून हवा आत जाते. एकच पाडलं तर तेल गुचक्या देत थांबतं. हे मी लहानपणापासून बघत आलेय, आणि तरी टाकीलाही दुसरं भोक लागतं हे सुचलं नाही. ते भोक झाकणात असतं, इतकं बारीक की शोधावं लागतं, आणि मी ते ग्रीसने लिंपून टाकलं होतं. पेट्रोल जसजसं खाली जाई तसतशी टाकीत ओढ तयार होई आणि धार बंद पडे. थांबलं की कुठून तरी हवा झिरपे आणि गाडी पुन्हा चाले. ग्रीस पुसलं, भोकात हवा मारली, झाकणाचं रबर तीस रुपयांना नवीन घातलं. आजार संपला.

त्या संध्याकाळी मी शंभर पानी वही केली. तारीख, मीटर, काय झालं, किती किलोमीटरवर झालं, गरम असताना की गार, पाऊस होता का, आणि हात कशाला लावला. एका वेळी एकालाच हात, आणि मग गाडी चालवून बघायची. मेस्त्री वही बघून हसले, पण आता गेलं की आधी तीच मागतात.

वहीचा पहिला उपयोग जून २०२५मध्ये झाला. पावसात गाडी फाटफाट करायची, ओढ द्यायची नाही. ऊन पडलं की शहाण्यासारखी. वहीत सलग चार नोंदी, चारही पावसातल्या. म्हणजे पेट्रोल नव्हे, ठिणगी. प्लग काढून बघितला तर त्याचं टोक भाजलेल्या विटेच्या रंगाचं, म्हणजे मिश्रण ठीक. काळा काजळलेला असता तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला असता तर कमी. मेस्त्रींनी सांगितलेली एक परीक्षा रात्री केली. पडवीतला दिवा घालवला, गाडी सुरू केली, प्लगच्या टोपीवर झाडांना मारायच्या पंपाने पाण्याचा फवारा मारला. अंधारात टोपीच्या कडेने बारीक निळ्या रेघा सरपटताना दिसल्या. ठिणगी प्लगपर्यंत पोचायच्या आधी ओल्या टोपीवरून इंजिनाच्या अंगावर उडी मारत होती. इतकं सुंदर बिघाडाचं दृश्य मी दुसरं पाहिलेलं नाही. आईने मात्र दाराआडूनच पाहिलं.

टोपी वायरीवर फिरवून बसवलेली असते. गाडी बंद करून, गार झाल्यावर, ती उलटी फिरवून काढली. आतली तांब्याची तार हिरवी. देवघरातली समई महिनाभर घासली नाही की तिच्या खाचेत जमतो तोच हिरवा. जाड कात्रीने वायरीचा सेंटिमीटरभर तुकडा कापला, अजून हिरवं. आणखी थोडं कापलं तेव्हा लाल, चकचकीत तांबं लागलं. वायर लांबीला पुरत होती हे नशीब. नवीन टोपी तिच्यावर आट्यासारखी फिरवून बसवली आणि तोंडाशी जरासं सिलिकॉन ग्रीस. झाकणाच्या प्रकरणापासून माझा ग्रीसवर हात आखडता आहे. ऐंशी रुपयांत पावसाळा गेला.

सगळंच असं जमलं नाही. पहिल्यांदा ऑइल बदलताना, गळायला नको म्हणून तळाचा बोल्ट दोन्ही हातांनी आवळला आणि आटे गेले. तिथला धातू ॲल्युमिनियमचा, बोल्ट पोलादाचा. हार कोणाची होणार ते ठरलेलं. लेथवाल्याकडे नवीन आटे पाडून घ्यावे लागले. आता नवीन वॉशर, आणि पाना लावून बोल्ट बसला की थोडासाच आणखी. निघालेलं जुनं ऑइल दुधाच्या चहासारखं होतं. थंड इंजिन चार मिनिटं फिरवून बंद करायचं, हा काकांच्या घरच्यांचा नेम, त्याचा तो परिणाम. इंजिन पुरतं तापलंच नाही तर आतला दमटपणा ऑइलमध्येच राहतो. दर आठवड्याला अंगणात नुसती सुरू करून ठेवण्यापेक्षा दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणावी.

बाकी देखभाल म्हणजे मिठाशी भांडण. कुणकेश्वरच्या किनाऱ्याजवळून जाताना वाऱ्याबरोबर फवारा येतो तो डोळ्यांना दिसत नाही, पण चष्म्यावर बोट फिरवलं की कळतो. मीठ पत्र्यावर बसलं की हवेतलं पाणी धरून ठेवतं, म्हणून ऊन असलं तरी खालून गंज चालूच. रविवारी गाडी धुते, पण आमच्या विहिरीच्या पाण्याने नाही. ती एप्रिल-मेमध्ये मचूळ होते. त्या पाण्याने धुणं म्हणजे मीठ काढून मीठ लावणं. नळाच्या पाण्याच्या दोन बादल्या, मडगार्डच्या आतल्या बाजूला, चेनकव्हरखाली, सायलेन्सरच्या मुळाशी. मग एक फेरी मारून आणते, म्हणजे कानाकोपऱ्यातलं पाणी उडतं आणि ड्रम ब्रेक वाळतात. मग स्पोक आणि रिमवर तेलाचं फडकं, ब्रेकच्या ड्रमला आणि टायरला न लागू देता.

निळं प्लास्टिक जाळायच्या लायकीचं निघालं. त्याच्या आतून सकाळी पाण्याचे थेंब गळायचे. गाडी पावसात नसून घामात भिजत होती. आता पडवीच्या पूर्वेच्या टोकाला, समुद्राकडे पाठ करून उभी असते आणि सीटवर फक्त जुनी सुती चादर. हवा खेळती पाहिजे.

क्लचची केबल कडक झाली की बदलायच्या आधी तेल पाजून बघावं. केबलचं वरचं टोक सोडवायचं, दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून तो केबलच्या तोंडाला घट्ट बांधायचा आणि त्या नरसाळ्यात चमचाभर पातळ तेल ओतून गाडी रात्रभर तशीच सोडायची. सकाळी खालच्या टोकाला आधी काळं, मग पिवळं तेल आलेलं असतं आणि क्लच दोन बोटांनी दबतो. चेनकव्हरचं रबरी बूच काढून बोटाने चेन वर-खाली करायची, दोन-अडीच सेंटिमीटर हलली पाहिजे. चाक फिरवत चार ठिकाणी बघायचं, कारण उभ्या गाडीची चेन एका जागी गंजून आखडलेली असते आणि दुसरीकडे सैल. टायरची हवा पुढे २५, मागे २८ पीएसआय. मागे कोणी बसणार असेल तर मागची वाढवून. टॅपेट, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हची फट लावणं, मात्र मी मेस्त्रींकडेच सोडते. त्यांचा फट मोजायचा फीलर गेज आणि कान, दोन्ही माझ्याकडे नाहीत.

२०२५च्या गणपतीत काका आले. गाडी मागायला संकोचले, मीच किल्ली दिली. चोकशिवाय पहिल्या किकला सुरू झाली तेव्हा ते मागे वळून माझ्याकडे बघत राहिले. मीटर १८,९००च्या वर होता. "एवढी चालवलंस?" त्यांच्या आवाजात गाडीबद्दलची कणव होती.

त्यांनीही गावात ठेवायला एक गाडी आणली होती, नवी कोरी. "हेका चोकच नाय गो, सगळा कंप्युटर," असं सांगून तिच्यावर घालायला नवीन प्लास्टिकही आणलं होतं, या वेळी हिरवं. विसर्जनानंतर निघताना ते मांगराचं दार ओढायला लागले तेव्हा मी म्हटलं, काका, टाकी भरा, प्लास्टिक मुंबईला न्या आणि किल्ली माझ्याकडे द्या. थोडा वेळ दाराशी उभे राहिले, मग दिली. ती आमच्या खुंटीला, माझ्या किल्लीशेजारी टांगलेली आहे. दर रविवारी एक गाडी जामसंड्यापर्यंत मी नेते, दुसरी माझ्या मागून बहीण आणते.